सुलाबाईच्या कढया आणि अग्निशांत महाराज

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात झरीच्या बाजारात अशी गर्दी जमली, की भाजी घ्यायला आलेली माणसं रिकाम्या पिशव्या घेऊनच उभी राहिली. मधोमध दोन कढयांतलं तेल पेटलं होतं. कढया सुलाबाईच्या, भज्यांच्या. महाराजांचे शिष्य सकाळीच "देवाच्या कामाला" म्हणून त्या घेऊन गेले होते. इकडे गिऱ्हाईक खोळंबल्यामुळे सुलाबाईचं डोकं तापलं होतं.

महाराजांचं नाव अग्निशांत. अंगात भगवं, हातात चिमटा, मनगटाला चकचकीत घड्याळ.

"बच्चा, पानी डाल!" ते गरजले. शिष्यानं लांब दांड्याच्या पळीनं एका कढईत पाणी टाकलं. भस्सकन पुरुषभर जाळ उठला आणि माणसं मागच्यांचे पाय तुडवत हटली.

"पाहिलंत? पाणी म्हणजे अग्नीचा वैरी. वैरी दिसला की अग्नी खवळतो! आणि ही विभूती म्हणजे अग्नीची आई. आई आली की लेकरू झोपतं!" त्यांनी पांढरी भुकटी दुसऱ्या कढईत उधळली. जाळ खरंच झोपला. मग पुड्या निघाल्या. पुडी घरात टांगायची, आग लागली तर उधळायची. मात्र पुडी असेल त्या घरात पाण्याचा साठा ठेवायचा नाही. आई रुसते.

सुलाबाईला हसू आलं. तिची कढई महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पेटायचीच. ती स्टो बंद करून वर झाकण सरकवायची, की कारभार आटोपला. त्यासाठी आजवर कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. ती निघालीही असती, पण थोरला भाऊ किशनराव पुडी कपाळाला लावून घाईघाईनं घराकडे जाताना तिला दिसला.

किशनरावाची भीती मात्र खोटी नव्हती. सरकारी फेडरेशनच्या कापूस-खरेदीला नंबर लागत नव्हता, म्हणून वर्षाचा कापूस घरात आढ्यापर्यंत भरला होता आणि त्याच्या दोन्ही पोरी त्या ढिगावरच झोपायच्या. एक ठिणगी पडली असती तरी पुरे होतं. सुलाबाई मागोमाग पोचली तेव्हा दारात पुडी टांगलेली होती आणि किशनराव पाण्याची टाकी अंगणात ओतत होता.

"दादा, काय करायलास हे?"

"आई रुसती म्हणं पाण्यानं."

"कुणाची आई?"

"आगीची."

"अन् तुझ्या पोरींची आई? ती रोज इहिरीवरून पाणी वाहती, तिला इचारलंस का?"

किशनराव टाकी ओततच राहिला. पोरी निजणार कापसावर आणि घरात पाण्याचा थेंब नाही! सुलाबाईनं घमेल्यात कापूस भरला आणि तडक बाजाराची वाट धरली. "अगं माझा कापूस!" करत किशनराव मागे.

"महाराज, तेलाची आई बगितली," तिनं कापूस पेटवला. "आता ह्याची बोलवा."

महाराजांनी दोन मुठी विभूती उधळली. जाळ बसला. पुन्हा जयजयकार झाला.

"थांबा की जरा," सुलाबाई म्हणाली. "च्या घ्या."

"हमको परभणी की गाडी पकडनी है."

"गाडीला लय अवकाश हाय."

लोकांनी चहा घेतला. घमेल्यातून बारीक धूर निघतच होता. चहा संपल्यावर सुलाबाईनं काठीनं कापूस उकरला. आत निखारा! वारा लागला तसा पुन्हा जाळ उठला.

"आत पेटलेलाच व्हता?" किशनरावाचा चेहरा उतरला.

"कापूस आतल्या आत जळतो, दादा. वरचा जाळ गेला म्हंजे आग गेली न्हाई." तिनं तांब्याभर पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं. "घाल हात."

किशनरावानं भीत भीत हात घातला. कापूस पार गार झाला होता.

कपाळावर रोज तीन पट्टे ओढणाऱ्या धोंडप्पा किराणावाल्यानं सांडलेली चिमूटभर विभूती जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकला. "ह्यो तर खायचा सोडा! आमची विभूती कपाळाला लावायची असती. तिच्या नावानं भेव इकायचं नसतं." त्यानं दुकानातून सोडा आणला. सुलाबाईनं कढई पुन्हा पेटवून मंत्राशिवायच सोडा टाकला. जाळ तसाच झोपला.

यात आई नाही की वैरी नाही. सोडा तापला की त्यातून न जळणारा वायू निघतो आणि जाळाला हवा मिळत नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथं त्याची एकदम वाफ होते आणि ती पेटतं तेल उडवते. म्हणून तेलावर पाणी टाकायचं नाही. पण कापूस आतपर्यंत थंड करायला पाणीच लागतं.

हे सगळं लोकांना उमगेपर्यंत महाराजांना गाडी लवकर आल्याचा साक्षात्कार झाला होता. काळ्या झालेल्या कढया तेवढ्या सुलाबाईला घासाव्या लागल्या.

पुढच्या आठवड्यात किशनराव परभणीला गेला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात भिंतीला आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली त्यानं पाहिली होती, तसलंच एक घ्यायला तो दुकानात शिरला.

"सगळ्यात भारी कोणतं?" त्यानं दुकानदाराला विचारलं.

"घरात जळण्यासारखं काय हाय, ते आधी सांगा. हे पावडरीचं, तेलाला अन् इजेला. हे पाण्याचं, कापूस-लाकडाला."

"पावडर कशाची?"

"जास्ती करून सोडाच."

किशनराव एवढा हसला, की दुकानदाराला काही कळेना. त्यानं पाण्याचं नळकांडं घेतलं.

ते भिंतीला टांगताना बायको मनकर्णानं विचारलं, "हे कशालाबी चालतंय का?"

"न्हाई!" किशनराव ऐटीत म्हणाला. "तेलावर न्हाई. इजेवर तर मुळीच न्हाई, आधी मेनचं बटन बंद करायचं. तसं वरच लिव्हलंय, बग."

मंडळी, औषध असो, यंत्र असो की महाराज, घेण्याआधी एवढंच विचारा: हे कशावर चालत नाही? ज्याच्याकडे याचं उत्तर नसेल, त्याच्या भरवशावर आपली लेकरं झोपवू नका.