शॅरननं भरलेली पेटी

ही २००९ सालची गोष्ट, नाताळच्या आधीच्या आठवड्यातली. श्रीगोंद्यात पॉल साखर कारखान्यात कामाला होता आणि त्याची बायको मार्था घरी ब्लाउज शिवायची. थोरला विल्सन म्हणजे थंड गडी. रागावलं तरी भाकरी खाता खाता विसरायचा. धाकटी, सात वर्षांची शॅरन मात्र जन्मापासूनच निखारा. मार्थाचा धाक दोघांना सारखाच. विल्सनला तो पुरायचा. शॅरन मार खाऊन आणखी पेटायची.

"बोर्डिंगात टाकीन," हे मार्थाचं ठेवणीतलं वाक्य. ती स्वतः मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली.

त्या दिवशी शॅरनचा नाताळचा फ्रॉक पुन्हा मागं पडला आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज पुढं आले. पोरीनं कात्री उचलली आणि शेजारच्या बायडाबाईच्या नव्या ब्लाउजची बाहीच कापून काढली.

"आता एका बाहीनं लग्नाला जाऊ व्हय गं मी?" बायडाबाई हसली. मार्थाला हसू आलं नाही. तिनं पोरीच्या पाठीत लाकडी पट्टी ओढली आणि वर ते वाक्यही ऐकवलं.

दुपारी बघते तर शॅरन उंबऱ्यावर बसलेली, शेजारी पत्र्याची पेटी. आत दोन फ्रॉक, फणी आणि संडे स्कूलमध्ये मिळालेलं येशूचं चित्र.

"कुठं निघालीस?"

"बोर्डिंगात. मम्मी, तिथं मारत्यात का?"

मार्थाला तिथल्या मोठ्या बाई आठवल्या. खोटं बोलवेना.

"आमच्या बाई न्हाई मारायच्या."

"मग चल की."

पोर रडत असती, तर मार्थाला काही वाटलं नसतं. पण ती खरंच निघाली होती. मार्था तिथंच खाली बसली.

"फ्रॉक आत्ता शिवते. पर बायडाबाईची बाही तू जोडायची, माझ्यासंगं."

"न्हाई जोडणार."

"मग बस. मी पन बसते."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तेव्हा शॅरन म्हणाली, "दोरा कुठला घ्यायचा?"

लगेच काही ती गोड झाली नाही. मार्थाचा हातही अधूनमधून उठायचाच. पण पोरीचा जबडा आवळला की मार्था तिला घागर देऊन हापशावर धाडू लागली. घागर भरेस्तोवर निम्मा राग उतरायचा.

पॉल निवृत्त होऊन आता चर्चची बाग बघतो. बायडाबाई करोनात गेली. विल्सनला कुणालाच नाही म्हणता येत नाही, "अहो, एकदा तरी चिडा की!" म्हणून त्याची बायकोच चिडते. शॅरननं साहेबांशी भांडून दोन नोकऱ्या सोडल्या. तिसरी, नगरच्या एका लॅबमधली, टिकली आहे. रविवारी तिचा मार्थाला फोन येतो. मायलेकी आधी भांडतात, मग तासभर बोलत बसतात.