हात मागे बांधून

रोग्याला हात लावायचा नाही, हे मला नागपुरात कोणी शिकवलं नव्हतं. तिथे तीन वर्षं नेमकं उलट शिकवलं. उशी सरळ करा, पाठ पुसा, घास भरवा, धरून बसवा. परीक्षा पास झाले, डोक्यावर पांढरी टोपी चढली आणि नेमणूक मिळाली चांद्याला, परकोटाबाहेरच्या एका दवाखान्यात, हात-पाय मोडलेल्यांच्या वॉर्डात. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "इंदुताई, इथं हात मागे बांधून उभं राहायचं. रोग्याचं काम रोग्यानं करायचं. तो खरोखर पडत असेल तरच धरायचं, नाहीतर नाही."

डॉक्टर लढाईवरून परतलेले. पाय गेलेल्या शिपायांना त्यांनी असंच उभं केलं होतं म्हणे. शिपायांचं ठीक आहे हो. आमच्याकडे यायचे ते मोहाच्या झाडावरून पडलेले, सागाचा बुंधा पायावर आलेले, बैलगाडीखाली सापडलेले. त्यांना नर्स म्हणजे सेवा करणारी बाई एवढंच ठाऊक. आणि ही बाई तर पाण्याचा पेला हातातसुद्धा देत नाही; खाटेपासून लांब ठेवते आणि म्हणते, उठा, घ्या!

एटापल्लीकडचा लालसू होता. अस्वलानं त्याच्या उजव्या हाताची बोटं नेली होती. डाव्या हातानं जेवायची त्याला लाज वाटे. भाताची थाळी समोर ठेवून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि मी हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभी. एकदा तो वळून मला म्हणाला, "मले हात नाई. तुले दोन हाय. मंग?"

मी हात सोडले नाहीत. संतापानं त्यानं डाव्या हातानं थाळी ढकलली, आणि तिसऱ्या दिवशी भुकेनं त्याच हातानं जेवला. डॉक्टर खूश. लालसू मात्र पुढे माझ्याशी बोलला नाही. वॉर्डातलं बाकी कोणीही कामापलीकडे बोलत नसे. माझ्यामागे मला 'हात बांधलेली' म्हणत, ते मी ऐकलं होतं.

दवाखान्यामागे मला एक खोली दिलेली. गावात नर्स म्हटलं की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या, जशी काही मी रोग पदरात बांधूनच हिंडते. आई नव्हती, आर्वीला भाऊ-वहिनी होते, ते त्यांच्या संसारात. संध्याकाळी खोलीवर येऊन मी चूल पेटवायची. एकट्या माणसाचं वरण कितीही कमी शिजवलं तरी उरतंच. मला फार एकटं वाटायचं. हे सांगायला लाजायचं काय कारण? वाटायचं.

बायकांसाठी व्हरांड्याला बांबूचे तट्टे लावून खाटा टाकल्या होत्या. त्या बहुतेक रिकाम्याच असत. घरातली बाई मोडली तर तिला दवाखान्यात आणण्यापेक्षा कोपऱ्यात निजवणं लोकांना सोपं जातं. त्या वर्षी तिथे एकटी रुखमाबाई होती. सिंदेवाहीकडची, माझ्याहून बरीच मोठी. पौषात खळ्यावर धानाचे भारे रचताना उंच ढिगावरून तोंडघशी पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नवरा पत्रू, गरीब पण माणूस चांगला. त्यानं तिला खाटेसकट छोट्या रेल्वेत घालून चांद्याला आणलं. पायाला वजनं लावून ती महिनोन्‌महिने निजून राहिली.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती खाटेवरून म्हणाली, "जेवली का वो बाई?"

"माझ्या जेवणाशी तुम्हाला काय करायचंय?" मी फटकारलं. दिवसभर शिव्या खाऊन माझं तोंड कडू झालेलं.

"मले काई नाई कराचं," ती म्हणाली. "इचारलं."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी उत्तर दिलं. मग मी खोलीवर जाऊन जेवून परत यायला लागले, फक्त 'जेवले' एवढं सांगायला. सांगता सांगता खाटेच्या पायथ्याशी बसायची. ती गावच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासोळ्यांचं सांगायची, सासूच्या खोड्या सांगायची. आईच्या आजारपणाचं जे मी कधी कोणाला बोलले नव्हते, ते मी तिला सांगितलं. ती मध्ये 'अरे बाप्पा' एवढंच म्हणायची.

हाड जुळलं. वजनं काढली. पाय थोडा आखूड झाला होता, पण त्यात बळ होतं. चालायच्या सरावासाठी व्हरांड्यात एका बाकासमोर दोन लांब बांबू आडवे बांधले होते. त्यांच्या मध्ये उभं राहायला सांगितलं की ती नीट उभी राही. पाऊल टाका म्हटलं की अंगभर थरथर सुटे.

"काऊन वो रुखमाबाई?" तिच्या संगतीनं माझ्याही तोंडी 'का'च्या जागी 'काऊन' बसलं होतं. "पाय तर बरा आहे."

"पाय बरा हाय बाई. पन पुढं टाकाले गेली का मले ते जमीन दिसते, वर येऊन राह्यलेली. त्या दिवशी आली होती ना, तशीच."

आषाढ संपत आला तरी तिचं एक पाऊल पडलं नाही. पत्रू भेटायला आला, दारापाशी उकिडवा बसला. "बाई, धानाचा रोवणा लागला. घरी नेतो म्हनलं त जागा हाय. पन इले उचलन कोन? माय म्हातारी, मी बांधीत. दिवसभर एका जागी पडून राहीन हे."

तो गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "खाट अडून राहिली आहे. रविवारपर्यंत चालली नाही तर घरी पाठवू. मात्र तुम्हाला आशा वाटत असेल तर पोळ्यापर्यंत ठेवतो. तुमची रोगी आहे, तुम्हीच सांगा."

मी ताबडतोब म्हणाले, "पोळ्यापर्यंत ठेवा." आणि मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते मला पक्कं माहीत होतं. पोळ्यापर्यंत मला संध्याकाळी कोणीतरी विचारणार होतं.

दवाखान्याच्या कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या, बांध घातलेली लहान शेतं, होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे बायका रोवणीला उतरल्या. मी रुखमाबाईला खाटेवरून त्या बाकावर सरकायला लावलं, तेवढीच करमणूक. बायका चिखलात वाकून रोपं खोचत होत्या आणि एक एक पाऊल मागे सरकत होत्या. रोवणारी बाई पुढे जातच नाही. लावलेलं तुडवायचं कसं? रुखमाबाई त्यांच्याकडे टक लावून बसली होती. माझं लक्ष सहज तिच्या पायांकडे गेलं. बाकाखाली तिचे पाय हलत होते. डावा मागे, उजवा मागे. मोडलेला पायसुद्धा. तिला पत्ता नव्हता.

मला कळलं. आणि कळलं तशी मी चिडले. तिच्यावर नाही, माझ्यावरही नाही, कोणावर ते सांगता येत नाही. ही आता चालणार, आणि चालली की जाणार. गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. क्षणभर मी गप्प बसलेही. मग पत्रू म्हणाला होता ते आठवलं, दिवसभर एका जागी, आणि मी कुंपणाशी जाऊन ओलं गवत उपटलं, त्याच्या पेंड्या बांधल्या आणि व्हरांड्यात येऊन तिच्यावर ओरडले, "उठा! बसून काय बघताय? रोवा!"

"इथी? फरशीवर?"

"इथंच. वाका."

दोन बांबूंच्या मध्ये ती वाकली. आधी हसली. मग एका हातानं बांबू धरून तिनं गवताची काडी फरशीवर ठेवली, आणि पाऊल मागे गेलं. दुसरी काडी ठेवली, दुसरं पाऊल गेलं. थरथर नाही, काही नाही. मी समोर हात मागे बांधून उभी, आणि ती माझ्यापासून लांब लांब जात होती.

"मागं काय आहे त्याची भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"रोवताना मागं कोन पाहते वो? समोर लावलेलं दिसते ना."

रविवारपर्यंत ती उलटी चालत वॉर्डभर फिरली. पुरुषांकडचे रोगी खाटांवर उठून बघायला लागले. पण उलटं चालून कोणी घरी जात नाही. सोमवारी मी पेंड्यांपैकी एक माझ्या पायाशीच ठेवली. ती रोवत रोवत पार टोकाला गेली, हातातलं गवत संपलं.

"फेक इकडं पेंडी," ती म्हणाली.

"माझे हात बांधलेत. तुम्ही या."

"रोवणारनीले पेंडी नेऊन द्या लागते! एवढं बी समजत नाई तुले?" ती खरीच रागावली. तणतणत सरळ झाली, मला आळशी म्हणाली, आणखी काय काय म्हणाली, आणि फरशीवर रोवलेलं सगळं तुडवत माझ्यापर्यंत आली. पेंडी उचलली. मग तिनं मागे वळून बघितलं, आपण कुठून आलो ते. तिच्या हातातून पेंडी गळाली. पुरुषांच्या खाटांकडून लालसू मोठ्यानं हसला.

डॉक्टर म्हणाले, "शाबास. आता घरी." मला ठाऊकच होतं.

पत्रू दोन माणसं आणि रिकामी खाट घेऊन आला होता, तिला उचलून न्यायला. ती काठी टेकत दारात आलेली बघून त्यानं दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि खाटेकडे बघत राहिला. व्हरांड्याच्या पायऱ्या ती उलटी उतरली, आमच्याकडे तोंड करून. ते तिला सोपं जायचं. मी वरच्या पायरीवर, हात मागे. एका पायरीवर ती डगमगली. माझे हात जागचे हलले नाहीत. तिची ती सावरली.

खाली पोचल्यावर तिनं काठी पत्रूकडे दिली.

"बाई, इथी ये."

मी पायऱ्या उतरून तिच्यापुढे उभी राहिले.

"हात सोड," ती म्हणाली. "मी पडत होती तवा तू मले धरलं नाई. बरं केलं. आता मी पडत नाई. आता त धर."

मी तिला धरलं. सगळ्यांसमोर, टोपी वाकडी होईपर्यंत. तिच्या अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता, माझ्या अंगाला येतो तोच. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. शेवटी तिनंच माझे हात हळूच सोडवले. "रेल चुकन," म्हणाली. मग काठी घेऊन फाटकाकडे तोंड करून चालू लागली. पुढे. मागे रिकामी खाट घेतलेली माणसं. तिनं वळून बघितलं नाही, आणि तिनं तसंच जायला हवं होतं.

मी आत गेले. लालसू डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत होता, जमत नव्हतं. मी हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभी राहिले.

संध्याकाळी खोलीवर चूल पेटवली. नेहमीसारखं वरण उरलं. ताट घासून पालथं घातलं आणि पाय आपोआप वॉर्डाच्या दिशेनं निघाले, ते दारातच थांबवले. तिथून कुंपणापलीकडच्या रोवलेल्या बांध्या दिसत होत्या, आणि त्यांच्यात कोणी नव्हतं.

"जेवली वो, रुखमाबाई," मी म्हणाले.