दगड न सोडल्याचं फळ

मला पकडून प्राणिशास्त्राच्या सरांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. नव्या जातीच्या शोधाचा मान, कॉलेजात बढती, आणि त्या जातीला सासूबाईंचं नाव दिलं की घरात शांतता. बोटभर माशाकडून माणसाने आणखी किती मागावं!

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. नऊ वर्षं या स्पिरिटच्या बाटलीत उभा आहे. माझे डोळे वटारलेले दिसतात. आम्हाला पापण्या नसतात हे खरं. पण त्या सकाळचा धक्काही अजून उतरलेला नाही.

धबधब्याखालच्या एका डोहात आम्ही चोवीस जण राहत होतो. पोटाखालच्या परांनी दगड घट्ट धरायचा आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं. घाबरलो की आम्ही पळत नाही, आणखी घट्ट चिकटतो. कितीतरी पुरांत याच युक्तीने आमचे आजे-पणजे तरले. सर आले आणि त्यांनी सरळ दगडच उचलले!

"सर, पुरे की आता," सोबत आलेल्या प्रयोगशाळेतल्या मावशी म्हणाल्या. "बियाण्याला तरी ठेवा."

"अहो मावशी, हात घालीन तिथे मिळतायत. म्हणजे हजारो असणार!"

एकेक दगड बादलीवर झटकला गेला. पळपुटे असतो, तर चार-सहा तरी वाचलो असतो.

प्रयोगशाळेत आमचं फार कौतुक झालं. पर मोजले, खवले मोजले, शेपट्या मोजल्या. शोधनिबंध छापून आला. सासूबाईंनी त्याचं पहिलं पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं.

पुढच्या वर्षी सर फोटोवाल्याला घेऊन डोहावर गेले आणि रिकामी बादली घेऊन परतले. वरचे डोह पाहिले, खालचे पाहिले. चौथ्या खेपेनंतर ते बूटही न काढता खुर्चीत बसले.

"नाहीत, मावशी. कुठेच नाहीत. तेवढेच होते."

बाटल्या पुसणाऱ्या मावशींचा हात थांबला. "अगं बाई! म्हणजे आपणच...?"

सर वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

मित्रांनो, सहज हाती लागतं ते मुबलक असतं, असं धरून चालू नका. उचलण्याआधी शेजारच्या डोहात पाहा.

सरांना मान मिळाला, बढती मिळाली, सासूबाई खूश झाल्या. किंमत आम्ही मोजली. चोवीस मासे. त्यांत अकरा माद्या, प्रत्येकीच्या पोटात सुमारे चारशे अंडी. तीही सरांनी मोजून निबंधात दिली आहेत.