लवंगेच्या तेलाची झोप

टाकीच्या तळाचे खडे तोंडात घेऊन चघळायची बाईसाहेबांना भारी हौस. बाईसाहेब म्हणजे डॉक्टरांच्या बायकोची लाडकी गोल्डफिश. शेवटी एक खडा तोंडात घट्ट रुतला आणि तिचं खाणं बंद झालं.

"जन्मभर लोकांचे दात उपटलेत, आता एवढा खडा काढा," बायको म्हणाली. डॉक्टरांनी उजवा हात खिशात घातला.

दवाखाना कंटाळा आला म्हणून बंद केला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. कंटाळा कसला डोंबलाचा! उजवा हात थरथरायला लागला होता. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. सांडायला नको म्हणून हल्ली ते अर्धाच कप चहा घेत, तर तिला वाटे, पथ्य चाललंय.

पण तिचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी लवंगेच्या तेलाची बाटली काढली. या तेलाने दुखरी दाढ बधिर होते, तसा मासाही गाढ झोपतो. मात्र ते पाण्यात सहज मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतं. म्हणून त्यांनी ते कोमट पाण्यात खळखळून हलवलं आणि थोडं थोडं बाईसाहेबांना काढून ठेवलेल्या तसराळ्यात सोडलं.

"जास्त झोपली तर?"

"तर उठायची नाही. काम झटपट उरकायला हवं."

स्वयंपाकघरभर लवंगेचा वास सुटला. बाईसाहेब कलंडल्या, कल्ले संथ झाले. डॉक्टरांनी तिला डाव्या हाताने ओल्या फडक्यात धरलं, उजव्या हाताने चिमटा उचलला, आणि चिमट्याचं टोक नाचायला लागलं. एकदा ओठाला टोचलं, एकदा गालाला. कल्ले जवळजवळ थांबले.

"अहो, काय करताय? मरेल ना ती!"

खड्ड्यात गेला तो मान! "अगं, माझा हात थरथरतो," ते ओरडलेच. "वर्ष झालं. मला नाही जमणार. तू घे चिमटा!"

मग तिने चिमटा घेतला.

"बाजूने धर. ओढू नको, आधी फिरव."

खडा टपकन ओट्यावर पडला. त्यांनी मासा ताज्या पाण्यात सोडला आणि कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून त्याला हळूहळू पुढे ढकलत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक कल्ला हलला, मागोमाग शेपूट.

बायकोने पदराने डोळे पुसले आणि त्यांचा उजवा हात घट्ट धरला. तिच्या मुठीतही तो थरथरतच होता.

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"अगं, मीच डॉक्टर."

"तुम्ही दातांचे," ती म्हणाली, आणि हात काही सोडला नाही.