खालचा सूर

गोव्यात डिचोलीजवळच्या नार्व्यात कमलाक्षीबाईंचा कान नावाजलेला होता. महिला भजनी मंडळात कोणती बाई सुरातून घसरली हे त्या पाठमोऱ्या बसूनही सांगत, आणि सांगताना भीडभाड ठेवत नसत. पखवाज वाजवणारी सत्यवती त्यांची बालमैत्रीण, पण हात जरा ढिला पडला की तिलाही विचारत, आज जेवून नाही का आलीस? अशा बाईला पोटची पोर ऐकू येऊ नये, याहून मोठी नामुष्की कोणती? आणि ती ओढवली हरमलच्या किनाऱ्यावर, वाळूतल्या एका शॅकमध्ये, भर माणसांत.

पोर म्हणजे ऋतिका. तिला पणजीत व्हायोलिन शिकायला घातलं होतं, ती परतली माणसापेक्षा उंच वाद्य घेऊन. टेंपोतून ते उतरवताना शेजाऱ्यांना वाटलं, पोरीचं लग्न ठरलं आणि कपाट आलं. त्याला डबल बास म्हणतात, तो उभ्याने बोटांनी छेडायचा आणि त्यावर जॅझ वाजवायचं, एवढं ऋतिकाने सांगितलं. जॅझ म्हणजे काय, ते ऐकलं की कळेल म्हणाली. तिचे वडील बाबाजी वाद्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, एवढं लाकूड आणि आवाज एवढासाच. पण पोरीला अडवलं कोणी नाही.

पहिल्या कार्यक्रमाला कमलाक्षीबाई ठेवणीतली साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून गेल्या. चौघांचा बँड होता. पुढे ट्रम्पेटवाला गाल फुगवून वाजवत होता, बाजूला पियानो आणि ड्रम, आणि मागे आपल्या कपाटाला मिठी मारून ऋतिका. ट्रम्पेटवाल्याने जीव तोडून वाजवलं, आणि गाणं चालू असतानाच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आता बाईंच्या मुलखात चालू भजनात टाळ्या पडल्या तर त्याचा अर्थ एकच, बुवा, आटपा आता. एका रटाळ बुवाला गावाने असं उठवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरीच्या बँडची ही बेअदबी त्यांना सहन होईना. त्या ताडकन उठल्या, मागे वळल्या आणि देशी-विदेशी सगळ्यांना हात दाखवून म्हणाल्या, "गप रवा. अजून संपाक नाय."

लोक घाबरून गप्प झाले. पुढे पियानोवाल्याने कितीही जीव ओतला तरी कोणाची टाळी वाजवायची छाती झाली नाही.

ऋतिका त्यावरून रागावली नाही. परतताना गाडीत ती हसलीसुद्धा. जॅझमध्ये एकेकाची पाळी संपली की टाळ्या वाजवतात, तो त्याचा मान असतो, असं तिने समजावलं. बाई ओशाळल्या, आणि ओशाळलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं. तोंड भरून कौतुक केलं. तू फार छान वाजवलंस, सगळ्यांत छान तूच वाजवलंस.

वाटेत चोपड्याला पुलाच्या अलीकडे ऋतिकाने गाडी बाजूला घेतली.

"मी काय वाजवलंय, आई?"

बाईंनी ट्रम्पेटवाल्याचं काढलं.

"ट्रम्पेट कसो वाजलो ता तुका सांगाक येतला. माझा सांग."

सांगण्यासारखं काही नव्हतंच. पोरीची बोटं त्यांनी पाहिली होती, कपाळावरचा घाम पाहिला होता, पण ऐकलं काहीच नव्हतं. त्या सगळ्या गलबल्यात ऋतिका त्यांच्या लेखी मुकी उभी होती. आणि हे ऋतिकाला कळलं होतं.

"माका कौतुक नको गे," ती म्हणाली. "तू एकदा माका आयक."

त्यानंतर ऋतिकाने आईला कार्यक्रमाला बोलावणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. रविवारी दुपारी गाडीत वाद्य चढवायची, येते म्हणायची आणि निघायची. कमलाक्षीबाईंना हे भांडणापेक्षा जास्त लागलं. साऱ्या डिचोलीच्या बायकांचे सूर आपण ओळखतो आणि आपली लेक ओळखता येत नाही, हे शल्य त्यांना धड जेवू देईना.

मग त्यांनी मनावर घेतलं. फोनवर जॅझ लावायचं, फोन स्टीलच्या टोपात उभा करायचा म्हणजे आवाज मोठा होतो, आणि नारळ खवता खवता ऐकत बसायचं. सुरुवातीला डोकं उठलं. शब्द नाहीत, देवाचं नाव नाही, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरावा तसा सगळा कालवा. बाबाजी तर जेवणाचं ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसायचे. पण बाई हटून बसल्या, आणि एका सकाळी त्यांच्या हातातली नारळाची कवड तशीच राहिली. अरे, हे तर आधी सगळे मिळून चाल धरतात. मग एकेकजण चाल सोडून हिंडायला निघतो, पण कुठेही गेला तरी मोजून परततो, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांची मिळून तीच चाल. अभंगाचं ध्रुवपद धरून बुवा ताना घेतात, ते दुसरं काय असतं?

तिथून त्यांचा कान उघडला. ट्रम्पेटवाला आता कुठून वळून घरी येणार याची त्या वाट पाहू लागल्या, आणि तो भलत्याच आडवाटेने आला की खूश होऊन खवणीवर थाप मारू लागल्या. जॅझ त्यांना आवडायला लागलं. लपवून खाल्लेल्या आवळ्यासारखं ते त्यांनी ऋतिकापासून लपवलंही. फक्त ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बास काही सापडेना. पियानो मिळाला, ड्रम मिळाला, ऋतिका मिळेना. कान टोपाला लावून झाला, डोळे मिटून झाले. आपल्या कानातच काही खोट आहे असं त्यांना वाटू लागलं, आणि त्या विचाराने त्यांना एकदा रडूही आलं.

देवळात भजनाचा कार्यक्रम होता, त्या दिवशी हा पेच सुटला. विशाल हा मंडळाचा नेहमीचा साउंडवाला. सभामंडपात तो मोठे बॉक्स लावून तपासत होता. बाईंनी त्याला एका बाजूला घेतलं आणि आजार सांगावा तसा हळू आवाजात आपला त्रास सांगितला. विशालने आधी विचारलं, ऐकता कशावर? टोपातल्या फोनचं ऐकून तो हसत खालीच बसला.

"काकी, फोनात तो खालचो आवाज येतच नाय," तो म्हणाला. "बारक्या टोपात आख्खो इसवण मासो खंय मावता?"

महिनाभर बाई जिथे शोधत होत्या तिथे पोर नव्हतीच. विशालने त्यांचा फोन मोठ्या बॉक्सना जोडला. सगळ्यांत आधी ते कळलं तळपायांना. फरशीतून काहीतरी चालत आलं, एका लयीत, पाऊल पाऊल टाकत, गुडघ्यांतून वर चढलं आणि छातीत येऊन बसलं. वर ट्रम्पेट गिरक्या घेत होता, पण खाली कोणीतरी न दमता चालत होतं, आणि त्या चालण्याच्या भरवशावरच वरच्याला उडायची हिंमत होती. बाईंनी खांबाला हात टेकला. सत्यवतीच्या पखवाजाचं घुमणारं डावं अंग काढून घेतलं तर आपल्या अभंगाचं काय होईल, ते त्यांना माहीत होतं. म्हणजे पोर सगळ्यांच्या मागे उभी नव्हती. ती सगळ्यांच्या खाली उभी होती, सगळ्यांना उचलून धरून. त्यांना इतका आनंद झाला की त्या भर देवळात मोठ्याने हसल्या.

विशालने आपला जुना, कान झाकणारा हेडफोन त्यांना देऊन टाकला. तो अंबाड्यावरून बसवायला कसरत करावी लागे, आणि तो घालून बाई परसात भेंड्या तोडू लागल्या की शेजारच्या बायका पदराआड हसत. बाईंनी हसू दिलं. आता त्या फक्त खालचा सूर धरून बसत. तो कुठे थबकतो, कुठे दोन पावलं एकदम टाकतो, कुठे मुद्दाम वाट चुकवून गंमत करतो, सगळं त्यांच्या अंगात भिनलं. पावसाळा सरून शॅक पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांनी ऋतिकाला आपण होऊन सांगितलं, माका हरमलाक ने.

ऋतिकाने जरा विचार केला. मग म्हणाली, चल, पण जागेवरून उठायचं नाही. बाईंनी गावच्या सप्तकोटेश्वराची शपथ घेतली.

त्या संध्याकाळी शॅक खचाखच भरला होता. बाई मधल्या रांगेत खुर्ची धरून बसल्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि बास उमटला, तशी त्यांच्या अंगावर शिरशिरी आली. ही माझी पोर. ही आता खाली उतरली, ही थांबली, ही आता हसली. ट्रम्पेटची पाळी संपल्यावर त्यांनी रीतसर टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात पायांखालच्या फळ्यांतली थरथर एकदम मेली.

बाईंनी ऋतिकाकडे पाहिलं. बोटं चालू होती, डोळे मिटलेले होते, पण आवाज नव्हता. शेजारचे लोक आधीसारखेच माना डोलवत होते. ड्रमवाला जोरात होता, ट्रम्पेट रंगात आला होता, कोणाला काही कमी पडलेलं दिसत नव्हतं. पुन्हा तेच झालं का? एवढ्या महिन्यांची मेहनत करून पोर पुन्हा हरवली का? त्यांनी डोळे मिटले आणि सगळे आवाज एकेक करून बाजूला सारले. खाली रिकामं होतं. खोट कानात नव्हती. ऋतिका खरोखरच तिथे नव्हती.

उठावं तर शपथ मोडते, आणि चूक निघाली तर पोर पुन्हा कधी आणायची नाही. बसावं तर पोर जीव ओतून वाजवते आहे आणि ते वाळूत जातं आहे. देवाची मनातल्या मनात माफी मागून कमलाक्षीबाई उठल्या. स्टेजवरून ऋतिकाने डोळे उघडले, आई उभी दिसली, आणि तिचा चेहरा पडला. बाईंनी तोही पाहिला. तरी त्या माणसांतून वाट काढत थेट साउंडवाल्याच्या टेबलाशी गेल्या. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"माझ्या चेडवाचो आवाज येणा नाय," त्या ऋतिकाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, लोक खूश आहेत. बाई हलल्या नाहीत. बास मेला आहे, उठून बघ, असं त्यांनी मंडळातल्या बायकांना सांगायच्या आवाजात सांगितलं. तो कुरकुरत वाकला आणि वाकलेलाच राहिला. ताटं नेणाऱ्या कोणाच्या तरी पायात येऊन बासची मोठ्या बॉक्सकडे जाणारी वायर निसटली होती. स्टेजवर ऋतिकाला आपल्या बाजूच्या लहान स्पीकरमधून सगळं ऐकू येत होतं, म्हणून तिलाही पत्ता नव्हता. त्याने वायर खोचली.

आणि ऋतिका आली. फळ्यांतून, खुर्च्यांतून, टेबलावरच्या ग्लासांतून आली. बोलणारे बोलायचे थांबले. आपल्याला काय मिळत नव्हतं ते मिळाल्यावरच लोकांना कळलं, आणि कोणीतरी खुशीने आरोळी ठोकली. ट्रम्पेटवाल्याने मागे वळून पाहिलं आणि वाद्य खाली घेऊन ऋतिकाला पाळी दिली. ती वाजवत राहिली आणि कमलाक्षीबाई टेबलाशी उभ्या राहून, मान वर करून ऐकत राहिल्या. आपली लेक इतकं मोठं वाजवते, याचा अभिमान त्यांच्या डोळ्यांतून वाहत होता आणि तो पुसायचं त्यांना भान नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर साउंडवाल्याने ऋतिकाला काय झालं ते सांगितलं. ती तशीच, बोटांवरच्या पट्ट्याही न सोडता, आईसमोर येऊन उभी राहिली.

"कोणाकच कळाक नाय, आई," ती म्हणाली. "आमका बँडवाल्यांकसुद्धा नाय. तुका कसा कळला?"

बाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तू थंय नाय होतंस," त्या म्हणाल्या. "ता माका कळाचा नाय?"

ऋतिकाने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सगळ्या शॅकसमोर रडली. कमलाक्षीबाई तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या, मघाशी तिने वाजवलेल्या लयीत, एकही मात्रा न चुकता.