वन्संचं माप

दुकानाच्या पाटीवर 'अंतर्वस्त्रे' असं ठळक रंगवलेलं होतं, आणि तो शब्द आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाला नव्हता. बायका यायच्या, आधी रुमाल बघायच्या, मग घसा खाकरून म्हणायच्या, "ते... आतलं दाखवा."

दुकान सासूबाईंनी काढलेलं, आता सुनेच्या हाती. त्यांच्या आईच्या वेळी चोळीच्या आत काही घालतच नसत, म्हणून त्याला नावही नव्हतं. सासूबाईंनी 'बॉडी' शिवली. मग 'ब्रेसियर' आली. ती कुणाच्या जिभेवर ठरेना, तेव्हा शेपूट तुटून नुसती 'ब्रा' उरली. कापड आटलं तसं नावही आटलं, पण म्हणून उच्चारायला सोपं झालं असं नाही. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. ज्या बाईच्या अंगाला एखादं माप पहिल्यांदा नीट बसलं, तिच्यावरून त्या मापाला नाव. 'मास्तरीण' म्हणजे रुंद पट्ट्यांची, ताठ. 'बाळंतीण' पुढून उघडणारी. "एक मास्तरीण द्या, पांढरी," एवढं म्हटलं की गिऱ्हाईक मोकळं.

मशीनवर पाय चालायला लागला की त्या गुणगुणायच्या,

*बाहेरच्या कापडाला सारा गाव गं पाहतो*
*आतल्या गं कापडाशी जीव एकला राहतो*

त्या असतानाच मशीनवर सून बसायला लागली. तिनं बेतलेलं एक माप सगळ्यात जास्त खपायचं. त्याचं नाव 'वन्सं'. खरी नणंद त्याच घरात राहायची, बस डेपोच्या तिकीट खिडकीत बसायची, दुकानाची पायरी सहसा चढायची नाही. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग नणंदेच्या छातीत गाठ निघाली. डावी बाजू काढावी लागली. जखम भरली, आणि येत्या सोमवारी कामावर जायचं ठरलं. साहेबांनी निरोप धाडला होता: हवं तर मागच्या खोलीत बसा, तिथं कुणी बघत नाही. नणंदेला खिडकीच हवी होती. येणारी-जाणारी माणसं, सुट्ट्या पैशांवरून भांडणं, त्यातच तिचं आयुष्य गेलेलं. पण काचेतून बाईचं नेमकं वरचं अर्धं अंग दिसतं. तिनं घरी कापूस भरून बघितला. तासाभरात तो गळ्याशी चढला.

"मागचीच खोली बरी," ती जेवताना म्हणाली.

"वन्सं, दुकानात या. मी बेतून देते."

"तुझ्यापुढं उघडी होणार नाही हं वहिनी. डॉक्टरांनी बघितलं तेवढं पुरे झालं."

"मला कुठं बघायचंय? मी भिंतीकडं तोंड करते."

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. नणंद पडद्यामागं गेली. भावजय पडद्याला पाठ लावून स्टुलावर बसली. मांडीवर पाखरांना घालायच्या राळ्याची पिशवी, हातात शिवलेली छोटी सुती थैली. कापसाला वजन नसतं, म्हणून तो चढतो. हे तिला रात्रभर विचार करून सुचलेलं. तिनं थैलीत मूठभर राळं घातलं आणि हात मागं केला.

पडद्यातून एक हात आला, थैली घेऊन गेला. थोड्या वेळानं परत आला.

"हलकी आहे."

आणखी मूठ. हात गेला, आला.

"आता ओढते. खांदा खाली जातोय."

चिमटीनं थोडं कमी. असं कितीतरी वेळ चाललं. एक तोलत होती, दुसरी भरत होती, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

"वहिनी, घाम आला तर मोड येतील की गं याला!"

"येऊ देत. कुंडीत लावू."

पडद्यामागून हसू फुटलं. ऑपरेशननंतरचं पहिलंच. मग कागद सळसळले. मापाचे कागद तिथंच खिळ्याला टांगलेले असतात, हे भावजयीच्या उशिरा ध्यानात आलं.

"हे 'वन्सं' म्हणजे कोण?"

"तुम्हीच."

"म्हणजे मला अख्ख्या गावात विकतेस?"

"सगळ्यात जास्त."

"आणि माप कुठून घेतलंस? मी तर कधी टेप लावू दिली नाही."

"दोरीवरनं. टॉवेलाखाली वाळत घालायचात ना तुम्ही. विकतची बोचायची, पाठीवर वळ उठायचे. म्हणून दोन शिवून तुमच्या घड्यांत ठेवल्या होत्या."

"त्या मला वाटलं आईनं ठेवल्या."

"वाटू दिलं."

मग हात बाहेर आला, रिकामा. "ते मोजायचं सोड. वळ इकडं. डावीकडचा पट्टा उसवून आत घ्यायला हवा, मला मागनं दिसत नाही."

भावजय वळली. टाचण्या तोंडात धरून तिनं पट्टा आत घेतला. जे दिसलं त्यावर ती काही बोलली नाही, आणि बोलायला तोंड मोकळंही नव्हतं.

सोमवारी नणंद डबा घेऊन निघाली. खिडकीकडे की मागच्या खोलीकडे, ते तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी आली, जेवली, झोपली. भावजयीनंही विचारलं नाही. नव्या मापाचा कागद खिळ्याला बिननावाचा लटकत राहिला.

काही दिवसांनी दुकानात एक अनोळखी बाई आली. पदर डाव्या खांद्यावरून घट्ट ओढलेला. तिनं रुमालांकडे बघितलंसुद्धा नाही.

"डेपोत तिकिटं देतात ना, त्या बाईंनी पाठवलंय. काचेमागं उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बघ माझ्याकडं, कळतंय का काही? मग म्हणाल्या, तिथं जाऊन 'खिडकीवरची' माग. दुसरं काही बोलावं लागणार नाही."

"बसा," भावजय म्हणाली. तिनं खिळ्यावरचा कागद काढला, कानामागची पेन्सिल घेतली, आणि नाव लिहिलं.