एकच रॅकेट

थोरलीला रॅकेट एकच घ्यायची होती. हलकी, जड, कशीही, पण एक.

घरात तिला सगळे थोरलीच म्हणत, सुनांमधली पहिली म्हणून. तिचं शिवणाचं मशीन बाहेरच्या खोलीत, कारण उजेड तिथेच. आणि त्या खोलीला दार नाही. येणारा-जाणारा खांद्यावरून डोकावायचा, "हे कुणाचं गं?" विचारायचा आणि वर "बाही तोकडी झाली वाटतं" अशी फुकटची पुस्ती जोडायचा. बसून बसून तिची पाठ धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायाम करा. क्लबात पोहायला जागा नव्हती. नाचाच्या व्यायामाला धाकटी जाऊ जायची. उरलं स्क्वॉश, बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारायचा खेळ.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी तिला कोर्टात नेलं आणि दार लावून घेतलं. चार भिंती, खिडकी नाही, मोबाइलला रेंज नाही. दार भिंतीत असं मिटलं की कुठे होतं तेही कळेना. दुसरं कुणी घाबरलं असतं. थोरलीला वाटलं, माहेरी आले. पुढे सर दुसऱ्यांना शिकवायला गेले आणि ती एकटीच चेंडू मारत राहिली. भिंत चेंडू परत द्यायची. त्याच्याबरोबर सल्ला द्यायची नाही.

क्लबची रॅकेट शंभर हातांतून गेलेली, मुठीची पट्टी सुटलेली. सर म्हणाले, आता स्वतःची घ्या. ती निघाली, तर नवरा चपला घालून दारात हजर. "अगं, दुकानदार गंडवेल तुला. मी येतो."

दुकानात तो बरोबर तिच्या आणि काउंटरच्या मधे उभा राहिला.

"ही काय रॅकेट? फुंकरीने उडेल. दणकट काढा जरा."

"साहेब, खेळणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"ही."

"मग ताईंच्या हातात द्या की."

दुकानदाराने दुसरी काढली, थोरलीने दोन्ही तोलून पाहिल्या. हलकी मनगटाचं ऐकत होती, पण जोर सगळा आपणच लावायचा. दुसरीचं डोकं जरा जड. नुसती फिरवली तरी वजन आपसूक पुढे धावायचं.

"नव्या माणसाला हीच बरी," दुकानदार म्हणाला. "मागे गोदामाची भिंत आहे. मारून बघा."

थंड चेंडू आधी मेल्यासारखा पडला. मग तापला, आणि भिंत बोलायला लागली. थोरली मारत गेली, केस सुटले, दुकान विसरली, नवरा विसरला. थांबून वळली तेव्हा तो आ वासून बघत होता. त्याच्या तोंडावरून तिला कळलं, की आपण हसत होतो.

"अगं, तू तर झकास खेळतेस!" तो दुकानदाराकडे वळला. "दोन द्या हो. मीही जात जाईन हिच्याबरोबर."

थोरली घाईने म्हणाली, "अहो, तुमचा गुडघा?"

"तू पळ. मी जागेवरून मारीन."

"चेंडू डोळ्याला लागतो."

"खास चष्मा मिळतो ना, तोही घेऊ."

"ऑफिस?"

"सकाळचंच जातेस ना तू? त्याच्या आधी."

ती एकेक दार लोटत होती आणि तो प्रत्येकाची किल्ली घेऊनच आला होता. शेवटी तिने खरंच सांगून टाकलं. "मी कुणाबरोबर खेळत नाही हो. एकटीच खेळते. भिंतीशी."

दुकानदार उगाच दोऱ्या आवळून बघू लागला. नवऱ्याने खिशातून रुमाल काढून डोळे टिपले.

"एकटी? इतके दिवस? अगं वेडे, सांगायचं नाहीस का? घरात एवढी माणसं असताना माझ्या बायकोने भिंतीशी खेळायचं?"

रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. गहिवरलेल्याशी कसं भांडतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"बसतात दोन्ही एकात," म्हणत दुकानदाराने रॅकेटी एकाच कव्हरात घातल्या. रस्त्याला लागल्यावर त्या थोरलीच्या खांद्यावर पावलागणिक एकमेकींवर आपटत होत्या. नवरा रिकाम्या हाताने हवेत फटके मारत चालला होता.

"मग उद्या किती वाजता?"

"उद्या कोर्ट बंद असतं," थोरली म्हणाली. बंद-बिंद काही नसायचं.

"अरेरे! मग परवा."

"परवा," ती म्हणाली. चालता चालता तिने कव्हराची चेन उघडली, आपली रॅकेट बाहेर काढली आणि काखेत घट्ट धरली.